गवत कापून झालं की

सरलाताईंचा फोन आला की मी आधी गॅस बारीक करायची. त्या काय सांगतील आणि किती वेळ सांगतील, याचा काही नेम नसायचा.

"मुक्ता, आज समुद्र दिसतोय गं! अगदी लख्ख!"

आता मी राहते नरपडला. आमच्या मागच्या वाडीतून अनवाणी निघालं तरी लगेच पाय पाण्यात. आणि ही बाई विवळवेढ्याच्या पुढे, हायवेच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावर घर बांधून राहिलेली, ती मला फोन करून सांगणार की समुद्र दिसतोय!

"ताई, मला रोज दिसतो तो," मी म्हणायची. "बोंबील तव्यावर आहेत. ठेवू का?"

"तुला जवळून दिसतो. जवळून कसली मजा?"

सरलाताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. आमच्या ह्यांची, म्हणजे दशरथरावांची, मोठी बहीण. झेडपीच्या शाळेत शिक्षिका होत्या; सगळी नोकरी तलासरी तालुक्यातल्या पाड्यांवर काढली. लग्न राहून गेलं. आमच्या घरात असंच म्हणतात, "ताईंचं लग्न राहून गेलं", जशी काही स्टेशनवर छत्री राहून गेली. आधी भावाचं शिक्षण, मग आईचं आजारपण, मग वडील अंथरुणाला. सगळ्यांचं सगळं उरकेपर्यंत विचारायला येणारी माणसं थांबली. कुणी मुद्दाम केलं नाही. पण केलं नाही म्हणून झालं नाही असं थोडंच आहे?

सासरेबुवांनी वाटणी केली तेव्हा नरपडची चिकूची वाडी आम्हाला आली आणि डोंगराकडचा गवताचा माळ ताईंना. त्या माळावर गवताशिवाय काही येत नाही. पूर्वी तिथलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, म्हणून त्याला तरी भाव होता. मला वाटलं, ताई मनाला लावून घेतील. कसलं काय! रिटायर झाल्या आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्या उतारावर तीन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. पुढे लांबलचक ओटा, पश्चिमेला तोंड करून. "ताई, एवढ्या ओट्यावर काय भात वाळवणार?" मी विचारलं. म्हणाल्या, "बसणार."

आणि खरंच बसल्या. भाद्रपदात फोन: "मुक्ता, तेरडा फुललाय. अख्खा उतार गुलाबी!" आश्विनात: "गवत पिकलंय. वारा आला की माळ झोपेत कूस बदलतो गं." थंडीत सकाळी सकाळी, मी डबे भरण्याच्या घाईत, आणि ताईंचं सुरू: "आज खाली काहीच नाही. हायवे नाही, बुलेट ट्रेनचे खांब नाहीत, थर्मलची चिमणी नाही. सगळं धुक्यात गेलंय. एक ताडाचा शेंडा तेवढा वर आलाय." चैत्रात मोहाच्या फुलांचा वास ओट्यापर्यंत आला, हे फोनवर सांगायच्या. वास फोनवरून कसा यावा, कप्पाळ माझं! वैशाखात शेताशेतांतून भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागले की धुराच्या रेघा मोजायच्या. पावसाच्या तोंडावर काजवे आले की आवाज खाली करून बोलायच्या, काजव्यांना ऐकू जाईल म्हणून.

एकदा मी वैतागून बोलून गेले, "ताई, एवढं छान दिसतंय तर बघत बसा ना निवांत. मला फोन कशाला?"

मग म्हणाल्या, "एकटीनं बघितलं की बघितल्यासारखं वाटत नाही गं. 'ते बघ' म्हणायला कुणीतरी लागतं."

तेव्हापासून गॅस बारीक करायला लागले.

मग अमृतभाई आले आणि माझे फोन कमी झाले.

माळाचा उतार जिथं संपतो तिथं अमृतभाईंची आंब्याची वाडी आहे. मूळचे उंबरगावकडचे, रेल्वेतून रिटायर झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं सुरतला. फ्लॅटमध्ये जीव रमेना म्हणून ते आपले वाडीतल्या घरात येऊन राहिलेत. बोलणं निम्मं गुजराती, निम्मं मराठी. आमच्याकडे बाजारात सगळे बोलतात तसंच, पण त्यांच्यात गुजराती जरा जास्त. एकदा त्यांची गाय ताईंच्या गवतात शिरली. ते माफी मागायला वर आले. ताई म्हणाल्या, "गाय राहू दे, आधी बसा आणि समोर बघा." सूर्य टेकलेला होता. ते बसले, बघितलं आणि म्हणाले, "सारू छे." छान आहे, एवढंच.

त्यानंतर रोज संध्याकाळी यायला लागले. मी एकदा होते तेव्हा तिथं. दोन खुर्च्या, दोन कप, आणि दोघं समोर तोंड करून बसलेले, थिएटरात बसावं तसे. ताई म्हणणार, "ते बघा, तिकडे पाऊस पडतोय आणि इकडे ऊन." अमृतभाई म्हणणार, "सारू छे." ताई म्हणणार, "बगळे चालले, बघितलेत?" ते म्हणणार, "सारू छे." मी आतून ऐकत होते. म्हटलं, आभाळ एवढं पेटलंय आणि ह्या माणसाकडे शब्द दोनच! पण ताईंचा आवाज मी इतकी वर्षं ऐकतेय. त्या दिवशी तो वेगळा होता, धुऊन वाळत टाकलेल्या कपड्यासारखा हलका. मला बरं वाटलं. माझे बोंबीलही करपायचे थांबले.

आता अंबूबाईचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अंबूबाई ताईंकडे कामाला येते आणि जाता जाता अमृतभाईंचं अंगणही झाडते. ती मोखाड्याकडची, लेकीच्या आधाराला म्हणून इकडे पाड्यावर राहायला आली. वारली बोलते, मराठी बोलते. गुजराती मात्र तिला कळत नाही.

गेल्या आश्विनात, दसरा होऊन गेल्यावर, मी नारळ आणि सुकट घेऊन ताईंकडे गेले होते. मी चहा घेत स्वयंपाकघरात बसलेले, ताई मोरीपाशी भांडी विसळतायत, तेवढ्यात अंबूबाई आली. दारातच उभी राहिली आणि निरोप सांगितला.

"बाय, खालचं शेठ इचारतं, तुमी नवरी कवा होनार?"

माझा चहा नाकात गेला. मी ठसकतेय, डोळ्यांत पाणी, आणि अंबूबाई शांत. तिच्या दृष्टीनं निरोप होता, तो तिनं दिला.

ताईंची पाठ आमच्याकडे होती. त्या वळल्या नाहीत. हातातलं पातेलं स्वच्छ झालं होतं तरी विसळत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांग त्यांना, गवत कापून झालं की होईन."

अगंबाई! साठी ओलांडलेली माझी नणंद, जिनं कधी कुणाच्या लग्नात पुढे होऊन फोटोसुद्धा काढून घेतला नाही, ती आमटीला फोडणी कधी घालू असं विचारल्यासारखं शांतपणे सांगतेय, गवत कापून झालं की होईन! "ताई..." मी म्हटलं. "चहा गार होतोय तुझा," त्या म्हणाल्या. कान लाल झाले होते त्यांचे. मी बघितलं ना.

मी तशीच जीप पकडून घरी आले आणि ह्यांना सांगितलं. आता नवऱ्याला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?

दशरथराव भडकले. तसे ते चिकूचा भाव पडला तरी भडकतात, पण हे वेगळं होतं. "ह्या वयात? त्याला लाज नाही? सरलाबेन सरलाबेन म्हणतो, चहा ढोसतो, आणि वर हे?" मी म्हटलं, "अहो, पण ताईंना चालणार असेल तर..." तर मलाच म्हणाले, "तू गप्प बस. नरपडमध्ये लोक काय म्हणतील?" जेवले नाहीत. रात्रभर खाट करकरत होती. सकाळी गाडी काढली, आणि मीही शेजारी जाऊन बसले. ह्यांना एकट्याला सोडण्यात अर्थ नव्हता.

ताईंकडे न जाता हे थेट खाली वाडीत गेले. अमृतभाई कलमांना आळी करत होते, गुडघ्यापर्यंत माती. आम्हाला बघून खुलले. "आवो आवो, दशरथभाई!"

"ते आवो राहू द्या," हे म्हणाले. "तुम्ही माझ्या बहिणीला बेन म्हणता आणि वर नवरी कधी होणार म्हणून निरोप पाठवता?"

अमृतभाईंना आधी काही कळेना. ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हातातली कुदळ खाली ठेवली आणि दोन्ही हात कानाला लावले. "अरे राम! दशरथभाई, नवरी एटले रिकामी! काम नसलेली! मी अंबूबाईला बोलला, सरलाबेन नवरी क्यारे थशे, पूछजे. गवत पिकलंय ना आता. त्यांना एकदा खाली बोलवायचं होतं, माळ बघायला. खालून तो कसा दिसतो, त्यांनी कधी बघितलंच नाही. बीजू कशूं नथी, दुसरं काही नाही, तुमची शपथ."

आता मी काय सांगू! आमच्या भागात गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा आणि नवरी म्हणजे रिकामी, हे शेंबडं पोर सांगेल. मी मुरबाडची, लग्न होऊन नवी नवी नरपडला आले होते, तेव्हा एक व्यापारी दारात येऊन मला विचारता झाला, "बेन, दशरथभाई नवरा छे?" मी लाजत लाजत सांगितलं, "हो, माझेच आहेत." ती गोष्ट आमच्याकडे अजून प्रत्येक बारशाला सांगतात. आणि तीच मी, तोच शब्द, आणि टाळकं चाललं नाही. ह्यांचं तर विचारूच नका, दिवसभर व्यापाऱ्यांशी गुजराती झाडतात! पण अंबूबाईच्या तोंडून आला म्हणून आम्ही तो मराठी समजलो, आणि राग आल्यावर कोण शब्द तपासत बसतं?

ह्यांनी कपाळावर हात मारला. मग हसायला लागले. मी हसले. अमृतभाईही हसले, घामेजलेले, सुटल्यासारखे. सगळं तिथंच संपलं असतं. पण आमच्या ह्यांच्या जिभेला हाड नाही. अमृतभाईंच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "तरीच! मी म्हटलं, नवरी व्हायचं वय आहे का तिचं? काय पण आम्ही! म्हाताऱ्या माणसांना उगाच..." आणि पुन्हा हसायला लागले, डोळे पुसत.

अमृतभाईंचं हसू थांबलं. म्हणाले, "हा. खरी वात. बरोबर बोलला." कुदळ उचलली आणि आळ्याची माती ओढायला लागले.

वर ताईंकडे गेलो, तिथंही ह्यांनी सगळा किस्सा रंगवून सांगितला, नवरी एटले रिकामी, अमृतभाईंनी कसे कान धरले, सगळं. ताईही हसल्या. जरा जास्तच वेळ हसल्या. मग पदराला हात पुसत आत गेल्या, चहा टाकायला.

त्या दिवसापासून अमृतभाई वर आले नाहीत.

हे मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळलं की फोन येत नाहीत. कार्तिकात गवत कापून झालं असेल, भारे बांधून झाले असतील, फोन नाही. दिवाळीत आम्ही बोलावलं तर म्हणाल्या, कंबर धरलीय. थंडी आली. मी सकाळी डबे भरताना उगाच फोनकडे बघायची. म्हटलं, धुकं पडलंच नाही की काय यंदा? एकदा मीच लावला. "ताई, समुद्र दिसतोय का हो?" तर म्हणाल्या, "बघितलं नाही गं." ज्या बाईनं मला माझाच समुद्र दाखवून दाखवून जीव खाल्ला, ती म्हणते बघितलं नाही!

फाल्गुनात मी पिशवी भरली आणि ह्यांना सांगितलं, चार दिवस ताईंकडे चालले, जेवणाचं बघा तुमचं.

गेले तर ओटा झाडलेला नव्हता. पाचोळा साठलेला, आणि खुर्च्या आत घेतलेल्या, एकीवर एक. भरदुपारी दारं लावून टीव्ही चालू. आणि बाहेर काय होतं म्हणता? पळस असा फुललेला की माझ्यासारखी, जिला झाडात झाड कळत नाही, तीसुद्धा फाटकात उभी राहिली. उताराच्या कडेनं सगळी झाडं बिनपानांची, नुसती केशरी. सावरीवर साळुंक्यांचा गोंगाट. कापलेल्या गवताची खुंटं जाळलेली, त्यामुळे माळ मध्ये मध्ये काळा, आणि त्या काळ्यावर ती केशरी झाडं. आणि ही बाई आत बसून कुठलीशी सासू-सुनेची मालिका बघतेय!

मी टीव्ही बंद केला. "ताई, काय झालंय?"

"काय होणार? काही नाही."

"अमृतभाई येत नाहीत?"

"नाही."

"का?"

"त्यांना विचार." मग म्हणाल्या, "रस्त्यात भेटले की नमस्कार करतात. लांबून. मीही करते."

मी म्हटलं, "त्या अंबूबाईच्या निरोपापायी एवढं? अहो, त्या शब्दाचा घोळ होता नुसता. तुम्हालाही माझ्यासारखंच वाटलं का?"

ताई खिडकीकडे बघत होत्या. खिडकीचा पडदा लावलेला होता, तरी तिकडेच बघत होत्या.

"मला तेव्हाच कळलं होतं, मुक्ता. अगं, सगळी नोकरी तलासरीत काढली मी, निम्म्या पोरांच्या घरी गुजराती. मला 'नवरी' कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत? माझा तर चहा नाकात गेला होता!"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "तुझा चहा नाकात गेला. म्हणजे तुला ते खरं वाटलं. मला असं कुणी विचारू शकतं, या वयात, हे तुला खरं वाटलं. अंबूबाईला तर त्यात काही वावगंच वाटलं नाही. म्हटलं, राहू दे. दुसऱ्या दिवसापर्यंत तरी राहू दे. आयुष्यात कधी कुणी विचारलं नाही गं मला. चुकून का होईना, कुणीतरी विचारलं."

मी हातातला रिमोट खाली ठेवला.

"मग दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे हसलात."

मला रडू आलं आणि त्याच्यापेक्षा जास्त राग आला. ह्यांचा आला, माझा आला, त्या अमृतभाईंचा आला, खाली कुदळ घेऊन बसलेल्या त्या दोन शब्दांच्या माणसाचा. आणि ताईंचाही आला. इतकी वर्षं सगळ्यांचं उरकत बसलेल्या, आणि आता एवढा पळस बाहेर टाकून टीव्हीसमोर!

"तुम्हाला ते हवेत का?" मी सरळ विचारलं.

"हवेत म्हणजे काय? लग्नबिग्न मला नकोय. ह्या वयात कुणाचे डबे करू?" त्यांनी पदर सारखा केला. "पण संध्याकाळी कुणीतरी शेजारी बसलेलं असायचं. मी 'ते बघा' म्हटलं की बघायचं. तेवढं हवंय."

"मग खाली जा!"

"कशी जाऊ?"

"चालत!"

"मुक्ता, मी बाईमाणूस. आपणहून कशी जाऊ? आणि दशरथ?"

"त्यांनी तुम्हाला माळ बघायला खाली बोलावलं होतं. तुम्ही सांगितलंत गवत कापून झालं की. कापून झालं, जाळून झालं, आता पुढचं उगवेल! बोललेलं पाळायचं की नाही? आणि दशरथरावांचं मी बघते. एवढी वर्षं बघतेच आहे."

ताईंनी चष्मा काढून ठेवला. मग उठल्या. तोंड धुतलं, केस सारखे केले. साडी बदलली नाही, मी सांगूनही. चपला घालून फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मला वाटलं, संपलं, आता काही जात नाहीत. तर म्हणाल्या, "चष्मा राहिला. बघायला जायचं आणि चष्मा नको?"

मी ओट्यावर खुर्ची आणून बसले. पायवाट वळणं घेत खाली जाते. ताई दिसायच्या, पळसांमागे जायच्या, पुन्हा दिसायच्या, दर वेळी लहान झालेल्या. एकदा मध्येच थांबल्या. "अहो, चला ना!" मी इथून ओरडले, जसं काही ऐकू जाणार होतं. चालायला लागल्या. मग वाडीच्या कुंपणापाशी पोहोचल्या. घरातून कुणीतरी बाहेर आलं. दोघं उभे राहिले, समोरासमोर, बराच वेळ. काय बोलत होते, देव जाणे. माझी तर नखं खाऊन संपली. शेवटी एकजण आत गेला आणि खुर्ची घेऊन आला. मग परत जाऊन दुसरी आणली.

दोघं बसले. समुद्राकडे पाठ करून, तोंड माझ्याकडे. मला आधी समजेना हे दोघं असे उलटे का बसलेत. मग उजेड पडला. अगंबाई, हे इकडेच बघतायत! मी ताडकन उठले. दोरीवर माझे आणि ताईंचे परकर वाळत होते, ते आधी काढले. ओटा झाडून घेतला. पाचोळा भरला. कुणी आपल्याला इतक्या लांबून बघतंय म्हटल्यावर काय करावं सुचेना, म्हणून पदर खोचून सगळं आवरलं. सूर्य खाली गेला, पळस काळपट झाले, पाड्यावरून कोंबड्यांना हाका मारल्याचे आवाज आले, तरी ते दोघं बसलेलेच.

अंधारायला लागलं तेव्हा फोन वाजला.

"मुक्ता!" तोच आवाज. आश्विनातला, तेरड्याचा, काजव्यांचा, मी बोंबील करपवून ऐकलेला आवाज. "अगं, आपलं घर दिसतंय इथून! केवढंसं दिसतं! एवढी वर्षं राहतेय, मी कधी खालून बघितलंच नव्हतं गं. मला आपलं वाटायचं, बघायचं ते सगळं पुढे आहे. अमृतभाई सांगतायत, श्रावणात ढग उतरतो तो आपल्या कौलांवरच बसतो. गवत वाढलं की ओटा बुडतो, नुसती कौलं राहतात. आणि माळ जाळतात ना, तेव्हा रात्री घराभोवती लाल रेघ फिरते म्हणे. हे सगळं त्यांनी बघून ठेवलंय. बोलले कधी नाहीत मेले."

"ताई, ऐकतील ना ते!"

"ऐकू देत. रोज आपल्या ओट्यावर दिवा लागला की मग जेवायला उठतात, असं म्हणतायत. मधे येत नव्हते तेव्हासुद्धा."

"ताई, अंधार झालाय. येताय ना वर?"

"येते, येते. तू आधी ओट्यावरचा दिवा लाव. आम्हाला बघायचाय."

आम्हाला, म्हणाल्या. मी उठले. ओट्यावरचा लावला, मग स्वयंपाकघरातला लावला, माजघरातला लावला, न्हाणीघराचा लावला. घरात होते तेवढे सगळे लावले.